नाताळच्या झाडावर शिंपल्या टांगताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी येशूजन्माच्या देखाव्याची, म्हणजे गोठ्याची, तयारी सुरू होते, आणि सुट्टीत किनाऱ्यावरून आणलेली शंख-शिंपल्यांची पिशवी माळ्यावरून खाली उतरते. त्यांची झाडासाठी लटकनं करणं काही अवघड नाही. ती पुढच्या नाताळापर्यंत टिकवणं अवघड, कारण मधे आपला पावसाळा असतो. लटकन निखळलं, डागाळलं की आपण गोंदाला नावं ठेवतो. खरे गुन्हेगार बहुतेक वेळा दोनच असतात: मीठ आणि ओल.

जे उचलायचंच नव्हतं ते उचललं

शंख हाती आला की आधी उलटा करून पाहा. तोंडाशी नांगी दिसली किंवा आतून झाकण घट्ट लागलेलं असलं, तर घरात कुणीतरी राहतंय. शंका असेल तर समुद्राच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खेकडा असेल तर पाय बाहेर काढेल. तारामाशाचंही तसंच. झाडाच्या टोकावर तो शोभतो खरा, पण दुकानात मिळणारे सुबक, एकसारखे तारामासे जिवंत पकडून वाळवलेले असतात. टोकाला पाच लांबट शिंपल्या जोडून चांदणी करा, त्याहून छान दिसते.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे, प्रवाळाच्या जातकुळीतले जीव), समुद्रघोडे आणि काही मोठे शंख संरक्षित आहेत. ‘मेलेलाच तुकडा होता’ हे उत्तर चालत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेल्या त्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्याही याच यादीत येतात. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीच आणायचं नाही. तिसऱ्या, खुबे यांच्या रिकाम्या शिंपल्या लागतील तेवढ्या मिळतात, मग हा जोखमीचा मोह हवाय कशाला?

मुळात बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचं कालवण झालं की ताटात उरतात त्याच शिंपल्या उत्तम. फक्त आतल्या बाजूला चिकटलेला मांसाचा बारीक ठिपका नखाने खरवडून काढा, नाहीतर चार दिवसांनी मुंग्यांची रांग झाडावर चढते. हळदीचा डाग पडला असेल तर घासत बसू नका. साबण लागताच तो लालसर होतो, त्याने घाबरायचं कारण नाही. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते.

धुताना आम्ल वापरलं

शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात पूर्वी शिंपल्या भाजूनच चुना करायचे. त्यामुळे व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल लावलं की फेस येतो तो मळाचा नसतो, शिंपलीचाच असतो. वरची चकाकी गेली की परत येत नाही. शेवाळ फारच चिकट असेल तर पाणी घालून पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास, त्याहून जास्त नको. आणि ब्लीच व आम्ल एकाच बादलीत कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चकचकीत कवड्या उकळू नका, त्यांच्या झिलईला तडे जातात.

खरं काम साध्या पाण्याचं आहे. शिंपल्या गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग सावलीत पूर्ण वाळवा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे गाळतात, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच निघतात. पृष्ठभागात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं. मग रंग पोपडा धरून सुटतो, गोंद पकड सोडतो, लोखंडी तार गंजून शिंपलीवर तांबडा ओघळ उतरतो.

भोक पाडताना शिंपली फुटली

खिळा आणि हातोडी घेतलीत तर फुटणारच. आधी पिशवीत तयार भोक असलेली शिंपली आहे का ते नीट शोधा. समुद्रात एक शिकारी गोगलगाय असते, ती दुसऱ्या शिंपलीला भोक पाडून आतला जीव खाते. त्या भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती, अगदी यंत्राने पाडल्यासारखी गोल असते. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ओवायला यापेक्षा चांगलं भोक तुमच्या हातून पडणार नाही.

तयार भोक नसेल तर शिंपलीच्या बिजागरीवरचा फुगीर भाग खरखरीत दगडावर पाणी टाकत घासा. तो झिजून आपोआप आरपार होतो, वीज लागत नाही, मुलंही करू शकतात. जाड पन्हाळी शिंपल्यांना हीच पद्धत बरी. ड्रिल वापरणार असाल तर दीड-दोन मिलिमीटरचं पातं घ्या, खाली लाकडाचा तुकडा, वर चिकटपट्टी, जागा ओली आणि दाब अगदी हलका. पातं पलीकडे निघताना जोर पडला की कपचा उडतो. भुकटी नाकात जाऊ देऊ नका. पाणी त्यासाठीच आहे, शिवाय मास्क लावा.

समुद्रात घासून गुळगुळीत झालेल्या काचेच्या तुकड्याला, म्हणजे समुद्रकाचेला, भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नका. तिला तारेने गुंफा. तांब्याची तार हिरवी पडते, लोखंडाची गंजते. स्टीलची बारीक तार किंवा कोळ्यांचा तंगूस बरा. तंगुसाची साधी गाठ मात्र सरकते, तीन-चार वेढे घेऊन आवळा.

गोंद चुकीचा, किंवा घाईचा

साधा पांढरा फेव्हिकॉल कागदाला ठीक, पण दमट हवेत तो नरम पडतो. ग्लू गनचा गोंद शिंपलीच्या काचेसारख्या आतल्या बाजूवर नुसता बसतो, धरत नाही, आणि उन्हातल्या बंद गाडीत किंवा जुन्या तापणाऱ्या दिव्यांजवळ सैल होतो. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो आणि भोवती पांढरं धुकं सोडतो. शंख-शिंपल्यांसाठी दोन नळ्यांचा अरल्डाइटसारखा गोंद सर्वांत खात्रीचा. तो चिकटच राहिला तर समजा की दोन्ही भाग समान घेतले नव्हते किंवा नीट ढवळले नव्हते. चिकटवायची जागा आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि दिवसभर हात लावू नका. बाथरूमला लावतात ते आंबूस वासाचं सिलिकॉन टाळा. का, ते पुढे येतंय.

चमक आणण्याच्या नादात

फिक्या शिंपलीला खोबरेल तेल चोळलं की त्या दिवशी रंग खुलतो, महिन्याभरात खवट वास येतो. चमक हवी तर बाळांच्या अंगाला लावायच्या खनिज तेलाचा पुसटसा हात द्या, नाहीतर पातळ व्हार्निश. व्हार्निश संध्याकाळच्या दमट हवेत मारलं तर दुधाळ पडतं. दुपारी, कोरड्या वेळी मारा. आधीच दुधाळ झालं असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन पाहा. मागे जागा आणि साल लिहिणार असाल, ‘भुईगाव, २०२४’ असं, तर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई व्हार्निशमध्ये पसरते. सोनेरी रंगाबद्दल माझं मत विचाराल तर तो नकोच. रंगच फासायचा तर प्लॅस्टिकचा गोळा काय वाईट?

पारदर्शक गोळ्यात वाळू भरताना ती आधी कढईत कोरडी भाजून पूर्ण थंड करा, नाहीतर आतून बाष्प धरतं. तळाला दोन चमचे पुरे. आपल्याकडे अनेक घरी सुरूची फांदीच झाड म्हणून उभी करतात, तिच्या बारीक काड्यांना वजन झेपत नाही. जड शंख खोडाजवळ टांगा, टोकाला हलक्या शिंपल्या.

आणि मग खोक्यात भरलं

सगळ्यात वाईट चूक जानेवारीत होते. लटकनं वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात. पुढच्या वर्षी उघडावं तर शिंपल्यांवर पांढरी पूड, कधी आंबूस वास. याला बुरशी समजून लोक पुसतात. बुरशी करडी-हिरवी असते आणि पुसली की खाली चकाकी शाबूत असते. मिठाची पूडही तशीच धुऊन जाते. पण खाली खडबडीत, खड्डे पडलेला पृष्ठभाग लागला तर ते वेगळं प्रकरण आहे. पुठ्ठा, प्लायवूड, लाकूड यांतून आम्लाची वाफ निघते, ती दमट हवेत शिंपलीच्या चुन्याला खाते. त्या सिलिकॉनमधूनही हेच आम्ल सुटतं. संग्रहालयांना हा त्रास शतकाहून जास्त काळ माहीत आहे. लॉफ्टस बाइन या संग्राहकाने १८९९ मध्ये याबद्दल लिहिलं आणि त्याचं खापर जंतूंवर फोडलं. तो निदानात चुकला, तरी दुखण्याला ‘बाइनचा रोग’ हे त्याचंच नाव चिकटलं.

गेलेला पृष्ठभाग परत येत नाही, पण ते थांबवता येतं. साध्या पाण्यात धुवा, नीट वाळवा, पुठ्ठा फेकून द्या. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. जून लागायच्या आत डबा एकदा उघडून पुड्या बदला.

परदेशी राहणाऱ्या लेकीकडे यातलं काही पाठवायचं असेल तर नियम आधी पाहा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात शिंपल्या स्वच्छ, वाळूमातीशिवाय असाव्या लागतात आणि विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. वाळू भरलेला गोळा तेवढा घरीच ठेवा.