कोनन वाचायला घेताय? मग या चुका टाळा

कोनन हा अमेरिकन लेखक रॉबर्ट हॉवर्डचा रानटी योद्धा. त्याच्या तलवार आणि चेटकाच्या कथा वाचून कंटाळा आला असेल, तर आधी हातातलं पुस्तक तपासा. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत पिळदार दंडांचं मुखपृष्ठ असलेला कोनन सापडतो, आणि घोळ तिथेच होतो. १९६६ पासून अमेरिकेत निघालेल्या त्या पेपरबॅकांत रॉबर्ट हॉवर्डच्या कथांच्या जोडीला द कॅम्प आणि लिन कार्टर या नंतरच्या लेखकांनी लिहिलेल्या किंवा पुऱ्या केलेल्या कथाही आहेत. हॉवर्डच्या काही वेगळ्याच साहसकथांत तर द कॅम्पने नंतर कोनन घुसवला. चक्क भेसळ! त्यापेक्षा २००३ चं ‘द कमिंग ऑफ कोनन द सिमेरियन’ घ्या. त्यात मजकूर हॉवर्डचाच आहे, आणि कथा त्याने लिहिल्या त्या क्रमाने लावल्या आहेत.

कोननच्या वयानुसार कथा लावत बसू नका. डिसेंबर १९३२ च्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात तो पहिल्यांदा आला तोच राजा म्हणून; मार्च १९३३ मध्ये तो कोवळा चोर आहे. मुरलेला माणूस आठवेल तसे किस्से सांगतो, तशाच त्या सुचल्याचं हॉवर्डने पत्रात लिहिलंय.

टोल्किनची फूटपट्टी लावणं तर अन्यायच. त्याचं ‘द हॉबिट’ आलं १९३७ मध्ये. हॉवर्ड जून १९३६ मध्येच, तिशीत, गेला. हॉवर्डची मुळं ऐतिहासिक साहसकथेत आणि भयकथाकार लव्हक्राफ्टच्या वळणाच्या भयकथेत आहेत. इथे जग वाचवायचं नसतं. रत्न चोरायचं असतं, जीव वाचवायचा असतो.

‘नुसती मारामारी’ म्हणणाऱ्यांनी ती मार्चची कथा, ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’, वाचावी. रत्नासाठी कोनन मनोऱ्यात शिरतो. आत हत्तीच्या तोंडाची मूर्ती दिसते, आणि तिची सोंड हलते! ती मूर्ती नाहीच, तो परग्रहावरून आलेला जीव आहे: आंधळा केलेला, मांत्रिकाने छळून पांगळा केलेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि या रानटी चोराला माणसाच्या दुष्टपणाची लाज वाटते. गणपतीच्या मुलखातल्या वाचकाला हे पान जरा जास्तच लागतं, असं माझं मत.

वंशद्वेष मात्र या कथांत आहे, काही ठिकाणी ढळढळीत. तो काळाच्या खाती टाकून मोकळं होऊ नका.

आणि नायक पुरुषच असतो, हाही गैरसमज. सी. एल. मूर या लेखिकेची तलवारबाज जिरेल १९३४ मध्ये त्याच मासिकात अवतरली. सूड घेण्यासाठी हत्यार हवं म्हणून ती किल्ल्याखालच्या भुयारातून थेट नरकासारख्या मुलखात उतरते. हॉवर्डनंतर लगेच तीच घ्या.