कडाक्याच्या थंडीत सुटं गॅरेज-वर्कशॉप गरम कसं ठेवायचं

कॅनडातल्या एडमंटनमध्ये मागच्या गल्लीला लागून असलेल्या, घरापासून सुट्या गॅरेजात सुतारकाम करायचं म्हटलं, की जो तो सांगतो, "मोठा हीटर घे." साफ चूक. बाहेर उणे ३० असताना नागड्या फळ्यांच्या भिंतीत हीटर लावलात, तर गल्ली तापेल, गॅरेज नाही. हीटर सगळ्यात शेवटी.

परमिट आणि वायरिंग आधी उरका. मोठ्या दाराचं रबर बदला, भिंत काँक्रीटवर टेकते तिथली फट सीलंटने बुजवा. स्टडच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांच्या, मधे रॉकवूल (दगडी लोकरीचे थर) भरा. दोन-बाय-चार इंची स्टडच्या भिंतीत आर-१४ बसतं (आर हे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तेवढं बरं). जाड आणून दाबून कोंबू नका. ऊब धरते ती त्यातली हवा. छताला आर-४० टाका, पण वळचणीची हवेची वाट मोकळी ठेवा.

आता ओल अडवणारं प्लास्टिक. खरी मेख इथे आहे, आणि मलाही घाम फुटला तो इथेच. आपल्या पावसाळ्यामुळे ओल बाहेरून आत येते हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे हिवाळाभर उलटं चालतं: आतली दमट, उबदार हवा फटीतून भिंतीत शिरते आणि बाहेरच्या फळीच्या आतल्या अंगाला बर्फ होऊन चिकटते. मार्च-एप्रिलमध्ये तो वितळतो, ड्रायवॉलवर (आतल्या जिप्सम बोर्डावर) तपकिरी ओघळ येतात आणि लोक छपरावर डांबर फासायला चढतात. छप्पर ठणठणीत असतं!

म्हणून ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिन आतल्या, उबदार बाजूलाच. "दोन्हीकडून लाव, डबल सेफ्टी" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. दोन प्लास्टिकांत अडकलेली ओल जाणार कुठे? जोड नेहमी स्टडवर घ्या, वीतभर एकावर एक. दोन थरांच्या मधे काळ्या अकूस्टिकल सीलंटची जाड रेघ ओढा आणि स्टेपल त्या रेघेवरच मारा. हे सीलंट कधी सुकत नाही, म्हणून तर ते वापरायचं. अंगात जुना शर्ट असू द्या, डाग जन्मात निघत नाही. प्लगच्या डब्यांमागे प्लास्टिकच्या टोप्या वायरिंगच्या वेळीच बसवा आणि पॉलिथिन त्यांच्या कडेला चिकटवा. नुसती चिकटपट्टी मारून भागत नाही. छत आणि भिंतीचं प्लास्टिक जिथे भेटतं, तो कोपरा तर दोनदा तपासा. वर ड्रायवॉल चढवा.

हीटर विजेचा असेल तर ५ किलोवॅट, २४० व्होल्ट, ३० अँपिअरचा ब्रेकर. छोट्या, नीट बंद केलेल्या गॅरेजला पुरतो. गॅसचा असेल तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणाराच घ्या. भुसा आणि थिनरजवळ उघडी ज्योत नको. प्रोपेनची बिनधुराड्याची शेगडी तर आत आणूच नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच, शिवाय ९ किलोची टाकी जळली की जवळजवळ १५ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. करवतीचं बिडाचं टेबल गंजतं ते त्यानेच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र कुठल्याही गॅस हीटरला हवाच.

काम नसताना थर्मोस्टॅट ५ अंशांवर ठेवा. सांधे चिकटवलेत त्या रात्री मात्र खाली आणू नका. पांढरा-पिवळा लाकडाचा गोंद १० अंशांखाली बहुधा नीट धरत नाही.