झाकण दुसऱ्या दिवशी का वाकतं? पीपी मोल्डिंगमध्ये या चुका टाळा

वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये (साच्यात) दाबून भरणाऱ्या मशीनवरून उतरलेलं झाकण डब्यावर टक्क बसतं आणि दुसऱ्या दिवशी तेच कोपऱ्यातून उचलतं. मग प्रेशर वाढवा, होल्डिंग (मोल्ड भरल्यावर दाब धरून ठेवण्याचा वेळ) वाढवा, असा खेळ सुरू होतो. दोष बहुतेक वेळा कूलिंगमध्ये असतो.

पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक, थंड होताना त्याच्या रेणूंच्या साखळ्या घड्या घालून रचल्या जातात, म्हणजे स्फटिक बनतात. रचलेल्या साखळ्यांना जागा कमी लागते, म्हणून पीपी 1 ते 2.5 टक्के आकसतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये स्फटिकच होत नाहीत, तो 0.4 ते 0.7 टक्क्यांवर थांबतो. एबीएससाठी कापलेल्या 100.5 मिमीच्या मोल्डमध्ये पीपी टाकला तर माल 99 च्या आसपास येणार. आणि गरम माल वर्नियरने मोजून ‘ओके’ लिहू नका. आकसणं पुढेही चालू राहतं. माप 24 तासांनी घ्या.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोअर (मालाची आतली बाजू घडवणारा मोल्डचा भाग) आणि कॅव्हिटी (बाहेरची बाजू घडवणारा) यांना एकाच लूपमधून थंड करणारं पाणी देणं. पाणी एका बाजूला तापूनच दुसरीकडे पोचतं. जी बाजू गरम राहते तिथे स्फटिक जास्त वेळ वाढतात, ती जास्त आकसते आणि माल त्याच बाजूला वाकतो. 20-30 शॉट (मोल्ड भरून माल काढण्याच्या फेऱ्या) झाले की मशीन थांबवून दोन्ही बाजूंच्या पोलादावर सरफेस प्रोब (पृष्ठभागाचं तापमान मोजणारं साधन) लावा. चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवरचा आकडा पाण्याचा असतो, मोल्डचा नाही. लाइन वेगळ्या करा आणि आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक 2-3 अंशांत ठेवा.

नवी मुंबई-ठाण्याकडच्या रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागांत पावसाळ्याचा वेगळा ताप. जुलैत हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. त्यात 10 अंशांचं पाणी सोडलं की मोल्डला घाम सुटतो आणि मालावर पाण्याचे डाग येतात. उलट, कूलिंग टॉवरचं पाणी त्या दिवसांत फारसं थंड होतच नाही. म्हणून जानेवारीची सेटिंग शीट जुलैत आंधळेपणाने लावू नका.

आता फिलर, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायची खनिज भुकटी. टाल्क आणि कॅल्शियम (कॅल्शियम कार्बोनेट) यांना एकच ‘पावडर’ समजू नका. टाल्कच्या पापुद्र्यांवर पीपीचे स्फटिक लवकर धरतात, त्यामुळे माल जास्त तापमानाला गोठतो आणि गेटही (प्लास्टिक मोल्डमध्ये शिरायचं तोंड) लवकर गोठून बंद होतं. जुनं होल्डिंग तसंच ठेवलं तर नुसती सायकल वाया जाते. होल्डिंग अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने वाढवत मालाचं वजन करा. वजन वाढायचं थांबलं तिथे गेट बंद झालं. कॅल्शियम मात्र स्फटिक धरायला फारशी मदत करत नाही.

हिशेबातली चूक तर रोजची. मास्टरबॅचमध्ये (फिलर घट्ट प्रमाणात भरलेल्या दाण्यात) टाल्क 70 टक्के असेल, तर 100 किलोत 20 किलो मास्टरबॅच टाकून 14 टक्केच टाल्क पडतो. खरे 20 टक्के हवे असतील तर 28.6 किलो मास्टरबॅच आणि 71.4 किलो नॅचरल (काही न मिसळलेला) दाणा घ्या. आकसणं कमी होईल, पण 100 ग्रॅमचा माल 115 ग्रॅमच्या आसपास जाईल. भाव किलोवर ठरला असेल तर ते आधीच बोलून घ्या.

रंग बदलल्यावर वाकायला लागलं? थॅलोसायनिन निळा आणि हिरवा हे रंगही स्फटिक धरतात. पांढऱ्यावर पास झालेला मोल्ड निळ्यावर नव्याने तपासावा लागतो, विशेषतः क्रेट आणि मोठ्या झाकणांसाठी.

काचेचे तंतू (ग्लास) भरलेल्या नायलॉनचं गणित निराळं. तंतू वाहण्याच्या दिशेला झोपतात, त्या दिशेला माल कमी आकसतो आणि आडवा बराच जास्त. तिथे पाण्याशी झटापट करण्याआधी गेटची जागा बघा.

वाकलेलं झाकण गरम असतानाच जिगमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) दाबून सरळ करण्याची सवय सगळीकडे आहे. ते खरंच सरळ झालंय का बघायचं तर एक नग 80 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. परत वाकला, तर तुमच्या पार्टीकडे (गिऱ्हाइकाकडे) गरम आमटी ओतल्यावरही तो तसाच वाकणार आहे.