गाइड बसलं म्हणजे नक्की काय? कुत्र्याच्या हिप रिप्लेसमेंटमध्ये या चुका टाळा

‘बसलं का?’ ‘बसलं, सर.’ हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की ‘बसलं’ या शब्दावर माझा विश्वासच उरलेला नाही. बोटाने दाबून धरलं की कुठलंही गाइड बसल्यासारखं दिसतं. बोट काढा, मग बोला.

गाइड म्हणजे हाड कापताना सॉला (करवतीला) दिशा देणारा, थ्री-डी प्रिंटरवर छापलेला साचा. सीटी स्कॅनवरून गाइड बनवायचं, फीमरची (मांडीच्या हाडाची) मान कुठे आणि कोणत्या कोनात कापायची ते आधीच ठरवायचं, मग ते हाडावर टेकवून खाचेतून सॉ चालवायची. सगळी गोम त्या ‘टेकवायचं’मध्ये आहे. गाइडची आतली बाजू म्हणजे नुसत्या हाडाचा ठसा. सॉफ्टवेअरमध्ये आपण हाड तेवढं उचलतो. कूर्चा, कॅप्सूलचे (सांध्याभोवतीच्या आवरणाचे) तुकडे, स्नायूंचे धागे तिथेच गळतात. कुत्र्याच्या अंगावर मात्र ते सगळं शाबूत असतं. जागा साफ न करता गाइड ठेवणं म्हणजे फेट्यावर टोपी घालणं. मी एलिव्हेटरने (हाडावरचं ऊतक सोडवायच्या अवजाराने) टेकण्याच्या जागा खरवडतो, गाइड तीनदा काढून तीनदा ठेवतो आणि दरवेळी चारही बाजूंनी हलकं ढकलून बघतो. तिन्ही वेळा एकाच जागी गेलं तरच पहिली के-वायर, म्हणजे गाइड हाडाला पक्कं करणारी बारीक तार.

याच दुखण्याचं मूळ कधीकधी संगणकावर असतं. हिप डिस्प्लेशियाच्या (खुब्याचा सांधा सैल, बेढब वाढण्याच्या विकाराच्या) जुन्या रुग्णाच्या हाडावर ऑस्टिओफाइट्स (हाडाचे जादा उंचवटे) उगवलेले असतात आणि ते मूळ हाडापेक्षा विरळ असतात. थ्रेशोल्ड (किती घनतेपासून पुढे हाड धरायचं ती मर्यादा) जरा वर ठेवला की ते मॉडेलमधून गायब. पडद्यावर हाड गुळगुळीत, थिएटरमध्ये गाइडखाली खडा. सीटीचे स्लाइस 1 मिमी किंवा त्याहून पातळ घ्या, थ्रेशोल्डने जे दिलं ते मूळ स्लाइसवर ठेवून डोळ्यांनी तपासा, आणि टेकण्याच्या जागा ऑस्टिओफाइट्स व कूर्चा सोडूनच निवडा. एका क्लिकवर मॉडेल तयार करून छापायला सोडणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

दुसरी चूक माझीच. मोठ्या जातीचा कुत्रा होता. आदल्या रात्री गाइड फीमरच्या छापील प्रतिकृतीवर घट्ट बसलं म्हणून निश्चिंत झोपलो. सकाळी ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) आलेलं तेच गाइड ट्रोकँटरवर (फीमरच्या वरच्या टोकाच्या उंचवट्यावर) नीट टेकलं, पण मानेकडची कड उचललेली. मी दोष दिला मऊ ऊतकाला आणि खरवडत राहिलो. मग आणखी खरवडलं. सहायक म्हणाला, ‘सर, मी दाबून धरतो.’ मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण दाबून धरल्यावर दुसरी के-वायर भोकातून सरळ जाईना. तिथे शहाणपण सुचलं. गाइड बाजूला ठेवलं आणि एक्स-रेवर आखलेल्या टेंप्लेटप्रमाणे हाताने कापलं. संध्याकाळी तेच गाइड छापील हाडावर ठेवलं, तर तिथेही डुगडुगलं. गाइडच्या रेझिनचं क्युअरिंग (छापल्यावर प्रकाशाने कडक करणं) घाईत उरकलं होतं आणि ट्रेमध्ये त्याच्यावर जड रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारी अवजारं) रचले होते. 134 अंशांच्या वाफेत ते मुकाट वाकलं.

तेव्हापासून एकाऐवजी दोन गाइडं छापतो. एक आधीच ऑटोक्लेव्हच्या त्याच सायकलमधून काढून थंड झाल्यावर मॉडेलवर तपासतो. छापील हाडही निर्जंतुक करून टेबलावर ठेवतो, म्हणजे शंका आली की तिथल्या तिथे निकाल लागतो. पीएलए या साध्या छपाईच्या प्लॅस्टिकमध्ये छापून ऑटोक्लेव्ह करणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. ते 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

आणि हो, हाताने मान कापता येत नसेल तर गाइड वापरू नका. नवख्यांना हे उलटं वाटतं.

बाकीच्या चुका एका दमात. छपाईसाठी मॉडेल ज्यात जातं त्या एसटीएल फाइलला एकक नसतं; मिलिमीटर-इंचाचा घोळ 25.4 पटींचा असतो, तो लगेच दिसतो, पण दोन टक्क्यांचा दिसत नाही, म्हणून छापल्यावर कॅलिपर लावा. डाव्या-उजव्याची खूण मॉडेलवर सुरुवातीलाच कोरा. मॉडेल चुकून उलटलं तर अक्षरंही उलटी दिसतील. सपोर्ट (छापताना आधाराला लागणारे खांब) टेकण्याच्या बाजूला देऊ नका, त्यांचे ठिपके हाडावर रुततात. वाढत्या पिल्लाचा जुना सीटी चालवू नका. खाच करण्याआधी स्वतःचं ब्लेड मोजा: खाच रुंद असेल तर ब्लेड डोलतं, अरुंद असेल तर प्लॅस्टिकचा भुसा जखमेत जातो. भुसा थोडा पडणारच, सलाइनने भरपूर धुवा. कपसाठीचं (कृत्रिम वाटीसाठीचं) गाइड दिशा दाखवतं, खुब्याची वाटी किती खोल रीम करायची (कोरायची) ते सांगत नाही. आतली भिंत किती उरली हे हातालाच कळायला हवं.

फीमरचं कापलेलं डोकं लगेच बादलीत टाकू नका. मी आराखड्यातला तेवढाच तुकडा छापून ठेवतो आणि दोन्ही शेजारी धरून कॅलिपरने मोजतो. ब्रोच (फीमरच्या पोकळीत इम्प्लांटसाठी जागा करणारी कानस) लावण्याआधी दोन मिनिटं जातात. मान लांब राहिली असेल तर पुन्हा कापता येते. आखूड झाली तर पुढचा सगळा विचार तिथेच, उघड्या जखमेपाशी बसून नव्याने करावा लागतो.