औषध घेताना बॅच नंबरही वाचा

औषध हातात आलं की आपण मुदतीची तारीख बघतो आणि पैसे देतो. बनावट औषध टाळायचं असेल, तर तिच्या शेजारचा बॅच नंबरही वाचा; एका वेळी बनवलेल्या औषधांच्या खेपेला कंपनी देते तो हा क्रमांक. खोक्यावरचा नंबर आणि आतल्या पट्टीवरचा किंवा बाटलीवरचा नंबर तंतोतंत एकच हवा, तारखाही त्याच हव्यात. जुळत नसतील तर औषध तिथेच परत करा.

रोजचं औषध असेल तर संपलेली पट्टी नवीन येईपर्यंत जपून ठेवा. दोन्ही शेजारी धरा: नावाचं स्पेलिंग, छपाई, फॉइल, गोळीचा रंग, तिच्यावरची खूण. कंपन्या वेष्टन बदलतात, त्यामुळे फरक दिसला म्हणजे औषध खोटंच, असं नाही. पण फार्मासिस्टकडून खात्री होईपर्यंत ती गोळी घेऊ नका.

तरीही हुबेहूब नक्कल नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ती प्रयोगशाळेतच उघडी पडते. म्हणून दुकान परवानाधारकच हवं, आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागायला अजिबात संकोचू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालं, तर आधी शंका घ्या.

औषध लागू पडत नाही किंवा नवाच त्रास होतोय असं वाटलं, तर पट्टी आणि बिल घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, मधुमेह किंवा फिट्सची औषधं मात्र संशयापोटी परस्पर बंद करू नका; त्याच दिवशी दुसरीकडून खात्रीचं औषध मिळवा.