मधुमेही मांजराची साखर समजून घेताना या चुका टाळा

सकाळी इन्शुलिन देण्याआधी साखर तपासावी, ग्लुकोमीटरवर ३८० हा आकडा दिसावा आणि ‘आज अर्धा युनिट जास्त देऊ या’ असा विचार मनात यावा, ही मधुमेही मांजर सांभाळणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत धोकादायक चूक आहे. आमच्या बोक्याच्या बाबतीत पहिल्याच महिन्यात ती माझ्या हातून झाली. इंजेक्शनच्या आधीचा आकडा एवढेच सांगतो की आदल्या डोसचा प्रभाव आता ओसरला आहे. मधल्या बारा तासांत साखर कुठवर उतरली होती, हे त्यावरून मुळीच कळत नाही. डोस वाढवायचा की कमी करायचा, हे मात्र मुख्यतः त्या खालच्या टोकावरूनच ठरते.

बहुतेक मांजरांना दर १२ तासांनी इन्शुलिन दिले जाते. त्यानंतर साखर हळूहळू उतरते, साधारणपणे ४ ते ८ तासांच्या दरम्यान तळ गाठते आणि पुन्हा चढू लागते. हा तळ ८० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असावा आणि दिवसातील बहुतेक वेळ साखर ३००च्या आत राहावी, असे उद्दिष्ट सहसा ठेवले जाते. तळ शोधण्यासाठी एक संपूर्ण दिवस दर दोन तासांनी साखर मोजावी लागते. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून मी तसे केले, तेव्हा वहीत उतरलेले आकडे असे होते: सकाळी सातला ३८०, नऊला २९०, अकराला १४५, दुपारी एकला ६८, तीनला १२०, पाचला २६० आणि संध्याकाळी सातला ३७०. केवळ सातचे दोन आकडे पाहिले असते तर डोस अपुरा वाटला असता. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता बोका धोक्याच्या उंबरठ्यावर होता. पशुवैद्यांनी त्याच दिवशी डोस कमी केला.

साखर फार खाली गेली की शरीर स्वतःच यकृतातील साठा रक्तात सोडते आणि आकडा एकदम वर उसळू शकतो, हे खरे आहे. म्हणून प्रत्येक चढा आकडा म्हणजे अशी उसळीच असते, असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. इन्शुलिनचा परिणाम बारा तास न टिकणे हे कारण अधिक वेळा आढळते आणि त्यासाठी डोसऐवजी इन्शुलिनचा प्रकार बदलावा लागू शकतो.

घाई हीसुद्धा मोठी चूक आहे. डोस बदलल्यानंतर शरीर स्थिरावण्यास साधारण ५ ते ७ दिवस लागतात. त्याआधी मिळालेल्या आकड्यांवरून पुन्हा बदल केला तर कोणत्या डोसचा कोणता परिणाम झाला, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय तोच डोस, तेच खाणे असतानाही एकाच मांजराचे दोन दिवसांचे आलेख बरेच वेगळे येऊ शकतात. दवाखान्यातील आकड्यांबाबत तर विशेष सावध असावे, कारण भीतीमुळे निरोगी मांजराचीही साखर ३००च्या पुढे जाऊ शकते. घरी मोजमाप शक्य नसेल, तर मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी करण्याबाबत पशुवैद्यांना विचारावे.

मोजण्याच्या साधनाकडेही दुर्लक्ष होते. माणसांसाठी बनवलेला ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. तो वापरायचाच असेल तर दरवेळी तोच वापरावा आणि पशुवैद्यांना तसे स्पष्ट सांगावे. रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून घ्यावा. कान गार असेल तर आधी कोमट कापड अर्धा मिनिट धरावे, म्हणजे पुन्हा पुन्हा टोचावे लागत नाही.

सिरिंजची गल्लत मात्र जीवघेणी ठरू शकते. १०० युनिट प्रति मिलिलिटर तीव्रतेचे इन्शुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटरसाठी बनवलेल्या सिरिंजमध्ये एकच्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराला प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. उलट गल्लत झाली तर जेमतेम ०.४ युनिट मिळते आणि साखर का उतरत नाही, याचा शोध आठवडेच्या आठवडे चुकीच्या दिशेने सुरू राहतो. बाटलीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळतो का, हे नवीन पाकीट उघडताना दरवेळी पाहावे. सिरिंज बरोबर असूनही साखर हटत नसेल, तर दातांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, स्टेरॉइडचे औषध अशा कारणांचा शोध घ्यावा.

साखर ६०च्या खाली गेली, किंवा मांजर लडखडू लागले, थरथरू लागले, निपचित पडले, तर पुढचे इन्शुलिन थांबवून हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि ताबडतोब पशुवैद्यांना फोन करावा. झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

सगळे सुरळीत चालले आहे म्हणून मोजणे थांबवणे, ही चूक सर्वांत उशिरा होते. योग्य आहार आणि वेळेवर सुरू झालेले उपचार यांमुळे काही मांजरांची इन्शुलिनची गरज हळूहळू घटते, काहींची पूर्णपणे संपतेही, आणि जुना डोस त्याच काळात घातक ठरतो. म्हणून इंजेक्शनच्या आधीचा आकडा २००च्या खाली आला किंवा मांजराने खाल्लेच नाही, तर सवयीने सुई टोचण्याऐवजी आधी पशुवैद्यांना विचारावे.