पोलिओनंतरची नवी कमजोरी आणि पाण्यातला व्यायाम

लहानपणी पोलिओ झाला, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) लावून शाळा आणि नोकरी झाली, आणि पन्नाशीच्या आसपास पाय पुन्हा दगा देऊ लागला. कधी तर 'चांगला' म्हणवणारा पायही. पोलिओतून वाचलेल्या चेतापेशींनी मेलेल्या पेशींच्या वाटचे स्नायूही सांभाळले. ३०-४० वर्षांच्या या जादा कामाने त्या आता थकतात. म्हणून दमेपर्यंत व्यायाम इथे नुकसानच करतो. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार जवळपास निम्मा होतो, छातीएवढ्या पाण्यात त्याहून कमी. मात्र पाण्यात थकवा कळत नाही, बाहेर आल्यावर कळतो. सगळी काळजी यासाठीच.

आधी डॉक्टरांना विचारा. आडवं झाल्यावर धाप लागत असेल, सकाळी डोकं जड होत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) केल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. छातीपर्यंतचं पाणी बरगड्या दाबतं.

पाणी ३२ ते ३४ अंश सेल्सियस हवं. उघड्या तलावांचं पाणी थंडीत याच्या खूप खाली जातं. बारीक पाय निळसर पडतो, ताकद उतरते. अशा वेळी उन्हाळ्यातली दुपारची बॅच किंवा फिजिओथेरपी केंद्रातली उबदार टाकी बघा. ३५ च्या वर गेलं तर उलट गळून जायला होतं.

पडण्याचा धोका पाण्यापेक्षा ओल्या फरशीवर जास्त. कुबड्यांची रबरी बुचं झिजली असतील तर आधी बदला. काठाला टेकून एक प्लास्टिकची खुर्ची ठेवा, कॅलिपर तिथेच काढा, आणि काठावर बसून सोबतीच्या आधाराने उतरा. उभ्या शिडीने उतरणं एक वेळ जमतं, चढणं जमत नाही. त्यामुळे बाहेर कसं यायचं हे उतरण्याआधी ठरवा: पायऱ्या, उतार की लिफ्ट. यातलं काहीच नसेल तर तो तलाव सोडून द्या.

आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून, पाण्यात २० मिनिटं पुरेत. पहिली ३ मिनिटं काठ धरून उभं राहा, खांदे सावकाश फिरवा. मग काठ धरूनच २ मिनिटं चाला, २ मिनिटं थांबा, असं तीनदा. शेवटची ५ मिनिटं फोमच्या नळीवर पाठीवर तरंगा, सोबतीचा हात मानेखाली. पाणी वेगाला चिडतं: हालचाल दुप्पट वेगाने केली की विरोध चौपट होतो. म्हणून सावकाश.

एक अडचण हमखास येते. स्नायू कमी असलेला पाय तरंगून वर येतो, टाच टेकत नाही. त्याला जोराने खाली दाबू नका, कंबर वाकडी होते. पाठ भिंतीला टेकवून उभे राहा, किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून घोट्याला हलकं वजन बांधा. दुसरी अडचण गुडघ्याची. जमिनीवर मांडीवर हात दाबून चालणाऱ्याचा गुडघा पाण्यात, कॅलिपर नसताना, मागे वाकतो. पावलं लहान टाका, पाणी छातीएवढं घ्या. पाय लहान-मोठे असतील तर जाड तळव्याची रबरी सँडल लहान पायात घाला.

कुबड्या वापरणाऱ्यांचे खांदे आधीच झिजलेले असतात. त्यांनी फ्रीस्टाइलच्या नादी लागू नये. पाठीवर तरंगून हात कमरेजवळ हलवणं पुरतं.

शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे पार दमणं, असं धरून श्रम चारवर आले की थांबा, मग घड्याळात वेळ उरलेला असला तरी. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी: सकाळी पाय जड, स्नायू फडफडतायत, जिना नेहमीपेक्षा अवघड वाटतोय, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. काहीच त्रास नसेल तर दोन आठवड्यांनी २ मिनिटं वाढवा.

बाहेर येण्याआधी पायरीवर २ मिनिटं बसून घ्या, कारण हरवलेलं वजन एकदम परत येतं. कातडी पूर्ण कोरडी करूनच कॅलिपर लावा. ओल्या कातडीवर पट्टा घासून जखम होते. मग १० मिनिटं खुर्चीत बसा, आणि नंतरच बाजूची चाकं लावलेल्या स्कूटरवर.